वैद्याचा सल्ला आणि विम्याचा नियम

निपाणीहून रुग्णाला न्यावयाचे झाले, तर दोन दिशा मोकळ्या असतात. उत्तरेस कागलच्या वाटेने कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे; दक्षिणेस संकेश्वर ओलांडून बेळगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. रस्ता एकच, सरळ आणि रुंद. तरीही या रस्त्यावर उभ्या असलेल्या एखाद्या कुटुंबाला कोणत्या दिशेस वळावे, हे मैलाच्या दगडावरून ठरविता येत नाही.

समजा, निपाणीजवळच्या एखाद्या खेड्यात एक विडी कामगार बाई आहे. वय पन्नाशीकडे झुकलेले. सकाळी सूप मांडीवर घेऊन विड्या वळावयास बसली आणि तासाभरात छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटू लागले. डावा हात जड झाला, कपाळावर घाम आला. मुलाने तिला मोटारसायकलवर बसवून गावच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि सांगितले, "आक्का, हे पित्त नव्हे. हृदयाला रक्त कमी पडते आहे. आजच, आत्ताच मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे." येथवर वैद्यकाचे काम झाले. पुढचा प्रश्न मुलाने विचारला, आणि तो वैद्यकाचा नव्हता: "डॉक्टरसाहेब, आमचे कार्ड कुठे चालेल?"

ही बाई काल्पनिक आहे; परंतु तिच्या मुलाचा प्रश्न काल्पनिक नाही. सीमाभागातील घरोघरी तो विचारला जातो. रुग्णावर कोणता उपचार व्हावा, कोठे व्हावा आणि केव्हा व्हावा, हे आज दोन शक्ती ठरवितात. एक डॉक्टरांचे मत आणि दुसरी विम्याचे नियम. या दोहोंत रुग्णाचे स्थान कोठे आहे, याचा विचार शांतपणे करावयास हवा.

पूर्वीची स्थिती निराळी होती. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, आणि पुढे अनेक दशके बेळगाव, चिकोडी, निपाणी या बाजूचे कठीण रोगी आगगाडीने किंवा मोटारीने मिरजेस नेले जात. १९६३ मध्ये बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि या भागातील लोकांची मोठी सोय झाली. त्या काळी गावचा डॉक्टर चिठ्ठी देई आणि त्या चिठ्ठीवर रोगी निघे. पण त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. डॉक्टरांचा शब्द अखेरचा होता हे खरे. परंतु तो शब्द ऐकल्यावर ज्याच्या गाठीला पैसा असे तो मिरजेस जाई, आणि ज्याच्या गाठीला नसे तो घरी परत येई. एखाद्याने शेताचा तुकडा गहाण टाकला, एखादीने पाटल्या मोडल्या, एखाद्याने नवस बोलून गप्प बसणे पसंत केले. ज्याला पैसा नाही त्याच्या बाबतीत डॉक्टरांचे मत हे केवळ मतच राहत असे.

हे बदलावे म्हणून योजना आल्या, आणि त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. आरंभी माणशी महिन्याला पाच रुपये एवढीच तिची वर्गणी होती. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढील वर्षी ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि कर्नाटकाने त्याच वर्षी आपली आरोग्य कर्नाटक योजना तिच्याशी जोडून घेतली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि इतरांना ठरलेल्या दराच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत, अशी तिची रचना झाली. ज्या घरात पाच हजार रुपये एकदम दिसत नाहीत, त्या घरातील माणसाच्या हृदयावर शस्त्रक्रिया होऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु कोणतीही योजना ही अखेर नियमांची यादी असते, आणि यादीला रोग्याचा चेहरा दिसत नाही. यशस्विनी योजनेचा भर शस्त्रक्रियेवर होता. पोटात गाठ झाली तर ती काढण्याचा खर्च मिळे. पण मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोज घ्यावयाच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नसे. खाजगी विम्यातही रुग्णालयात सलग चोवीस तास राहिल्यावाचून, ठरावीक प्रकार सोडले तर, पैसे मिळत नाहीत असा सर्वसाधारण नियम आहे. याचा परिणाम काय होतो? गोळीने आटोक्यात राहणारा रोग गोळीवाचून वाढतो, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचला म्हणजे योजनेच्या यादीत बसतो. रक्तदाबाची गोळी पदरचे पैसे घालून घ्यावी लागते म्हणून अर्ध्यावर सोडलेली असते; आणि त्याच रक्तदाबाने पक्षाघात झाला, की मग मात्र कार्ड बाहेर काढता येते. विम्याचा नियम उपचार नाकारतो एवढेच नव्हे, तर उपचाराचा आकार बदलतो. ज्याचे पैसे मिळतात त्याकडे रुग्णही वळतो आणि रुग्णालयही वळते.

याची कठोर साक्ष सर्वोच्च न्यायालयासमोर आली आहे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान या राज्यांत गरीब स्त्रियांची गर्भाशये कारण नसताना काढली जात असून, त्यांतील अनेक शस्त्रक्रिया सरकारी विमा योजनेच्या पैशावर झाल्या आहेत, अशी तक्रार डॉ. नरेंद्र गुप्ता या डॉक्टरांनीच २०१३ मध्ये न्यायालयात नेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला आणि केंद्राने या शस्त्रक्रियेविषयी केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असे सांगितले. गर्भाशय काढण्यास योजनेतून ठरावीक रक्कम मिळते. औषध देऊन, धीर देऊन, वाट पाहून रुग्ण बरी केली तर काहीच मिळत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या मताला विम्याच्या दरपत्रकाचा वास लागू शकतो.

विमा नसतानाही डॉक्टरांचे मत नेहमीच निर्मळ असते, असे समजण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. तेथे तपासणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोगाची भीती दाखविली गेली, आणि अडाणी समजल्या गेलेल्या स्त्रीने डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानला. त्यानंतर त्या जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम करण्यात आला. म्हणजे येथे नियमाने रुग्णाचे रक्षण केले. तेव्हा डॉक्टर तेवढे सज्जन आणि नियम तेवढा दुर्जन, अशी सोपी वाटणी करता येणार नाही. नियम कोणासाठी केला आहे, रुग्णाच्या रक्षणासाठी की तिजोरीच्या, हे पाहावे लागते.

आता पुन्हा सीमाभागाकडे वळू. कर्नाटकाच्या योजनेत रुग्णाने प्रथम सरकारी रुग्णालयात जावे, तेथे तो उपचार होत नसेल तर तेथील डॉक्टरांनी शिफारसपत्र द्यावे आणि मग रुग्णाने यादीतील खाजगी रुग्णालयात जावे, असा क्रम आहे. या क्रमामागे विचार आहे. सरकारी रुग्णालये ओस पडू नयेत, आणि जो उपचार तेथे होऊ शकतो त्यासाठी सार्वजनिक पैसा बाहेर जाऊ नये. पण गुडघ्याचे दुखणे शिफारसपत्राची वाट पाहू शकते, हृदयाचे दुखणे पाहू शकत नाही. म्हणूनच सुमारे १७० तातडीच्या उपचारांसाठी शिफारसपत्राची अट ठेवलेली नाही. ही गोष्ट किती घरांना ठाऊक असते? पत्र लागत नसतानाही पत्रासाठी धावणारा मुलगा आईचा अमूल्य तास गमावतो. तेथे नियमाने अडविलेले नसते. नियमाच्या अज्ञानाने अडविलेले असते.

दुसरा प्रश्न सीमेचा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यातून निघालेला वाद २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण तो वाद रुग्णशय्येपर्यंत कसा पोहोचला, हे सांगितले पाहिजे. २०२३ च्या वसंतात महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील पात्र कुटुंबांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. कर्नाटकाच्या त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी त्यास जाहीर हरकत घेतली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्हा प्रशासनाने या योजनेचे अर्ज भरून घेणारी केंद्रे बंद केली.

एका राज्याने म्हटले, ही आमची माणसे आहेत म्हणून आम्ही त्यांच्या उपचाराचा खर्च देतो. दुसऱ्याने म्हटले, ही आमची माणसे आहेत आणि त्यांच्यासाठी आमची योजना आहे. दोन्ही बाजूंनी आपापले युक्तिवाद मांडले. या युक्तिवादांत निपाणीच्या त्या बाईचा कार्डिओग्राम मात्र कोणी पाहिलेला नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न राज्याचा नाही, अंतराचा आहे. कोल्हापूर जवळ आहे. नातलग कागलला आहेत. भाषा ओळखीची आहे. परंतु शिधापत्रिका कर्नाटकाची आहे आणि तिच्यावर मिळालेले कार्ड बेळगावची वाट दाखविते. केंद्राच्या योजनेतील लाभार्थ्यास देशात कोठेही यादीतील रुग्णालयात उपचार घेता यावेत, अशी सोय केलेली आहे. मात्र जे कुटुंब केंद्राच्या यादीत नसून केवळ राज्याच्या खर्चाने योजनेत आलेले आहे, त्याने हीच सोय आपोआप गृहीत धरू नये. आपले नाव कोणत्या यादीत आहे आणि जवळचे कोणते रुग्णालय ते कार्ड स्वीकारते, हे आजार येण्यापूर्वीच विचारून ठेवले पाहिजे.

ज्यांनी स्वतः हप्ते भरून खाजगी विमा उतरविला आहे, त्या शिक्षक, कारकून, व्यापारी मंडळींचा मार्गही काट्यावाचून नाही. त्यांच्या बाबतीत बेळगावच्या डॉक्टरांनी रुग्ण पाहिलेला असतो, आणि दूरच्या शहरातील कचेरीत बसलेल्या विमा कंपनीच्या डॉक्टरांनी फक्त कागद पाहिलेला असतो. कागदावर "छातीत दुखते" एवढेच लिहिले असेल, तर कागद पाहणारा माणूस शंका घेणारच. रुग्ण का दाखल करावा लागला, बाहेरून उपचार का पुरेसे नव्हते, हे दोन ओळींत लिहिलेले असेल, तर तीच शंका पुष्कळदा उरत नाही. खोलीच्या भाड्याचेही असेच आहे. विम्यात खोलीची मर्यादा दिवसाला तीन हजार असेल आणि रुग्ण सहा हजारांच्या खोलीत राहिला, तर केवळ वरचे तीन हजारच नव्हे, तर डॉक्टरांच्या फीसारखे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. औषधे, शरीरात बसविलेली साधने आणि अतिदक्षता विभाग यांना ही प्रमाणशीर कपात लावू नये, असे विमा नियामकाने २०२० मध्ये ठरविले आहे. त्याच नियामकाने मे २०२४ मध्ये आणखी काही नियम केले. रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि घरी सोडतेवेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी. विमा सलग पाच वर्षे चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुना आजार सांगितला नव्हता या कारणावर मागणी नाकारता येत नाही.

मग डॉक्टरांचे मत मोठे की नियम? न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी दिले आहे, आणि ते तुकडे जुळविल्यावर एक चित्र दिसते. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिवावर बेतलेल्या रुग्णास वाचविण्याचे कर्तव्य प्रथम; कागदपत्रे आणि उपचारिकता नंतर. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात एका स्त्रीस केवळ तपासणीसाठी भूल दिली असता तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले होते; संमती तिच्या आईकडून घेतली होती. न्यायालयाने ठरविले की, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाची संमती दुसऱ्या कोणाची असू शकत नाही, आणि एका गोष्टीस दिलेली संमती दुसरीस लागू होत नाही. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि त्याला असलेले पर्याय रुग्णास सांगितले पाहिजेत. आणि २०१८ मध्ये शिवकांत झा या निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्यांच्या प्रकरणात, रुग्णालय सरकारी यादीत नाही एवढ्यावरून उपचाराचा खर्च नाकारता येणार नाही, रुग्णावर कोणता उपचार करावा हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावयाचे असते, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेविषयी होता. प्रत्येक विम्याला तो जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तरीही त्यातील तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या साऱ्यातून निघणारी गोष्ट एवढीच की, पहिला शब्द रुग्णास प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा असावा, शेवटचा शब्द समजून घेतलेल्या रुग्णाचा असावा, आणि नियमाने या दोहोंच्या मध्ये उभे न राहता त्यांच्या मागे उभे राहावे. खर्च किती द्यावयाचा हे नियमाने अवश्य ठरवावे. रोग कोणता आहे हे त्याने ठरवू नये. आणि डॉक्टरांनीही, आपल्या मताला यादीतील दरपत्रकाने रंग तर दिला नाही ना, हे स्वतःच्या मनाशी विचारावे.

सामान्य कुटुंबाने काय करावे? डॉक्टरांनी मोठा उपचार सुचविला, तर तीन प्रश्न विनयाने विचारावेत: हे आजच करणे आवश्यक आहे काय? न केल्यास काय होईल? याला दुसरा मार्ग आहे काय? "आजच" असे उत्तर आले, तर वाद घालण्यात वेळ दवडू नये. "आठवड्याने चालेल" असे आले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात कोणाचा अपमान नाही. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. उपचाराचे कारण कागदावर लिहून मागावे. योजनेने किंवा कंपनीने नकार दिला, तर तो तोंडी स्वीकारू नये. लेखी मागावा, कारणासह मागावा. खाजगी विम्याची तक्रार आधी कंपनीकडे करावी, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. कर्नाटकासाठी ते कार्यालय बेंगळुरूस आहे. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. सरकारी योजनेतील अडचण रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आणि तेथून जिल्हा पातळीवर न्यावी.

आणि सर्वांत आधी, घरातील कागद एका पिशवीत ठेवावेत. शिधापत्रिका, आधार, योजनेचे कार्ड, विडी कामगार असल्यास त्याचे ओळखपत्र, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या. ही पिशवी कोठे आहे हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असावे. जवळच्या तीन रुग्णालयांपैकी कोणते रुग्णालय ते कार्ड स्वीकारते, हे त्या पिशवीतच एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. गावची ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी, शाळा यांनी एखाद्या रविवारी लोकांना जमवून एवढे काम करून घेतले, तरी पुष्कळ तास वाचतील, आणि हृदयाच्या दुखण्यात तास वाचणे म्हणजे माणूस वाचणे.

निपाणीच्या त्या मुलाने डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनी काय द्यावे? "कार्डाचे मागाहून पाहू, आधी जे रुग्णालय लवकर गाठता येईल आणि जेथे हृदयाच्या उपचाराची सोय आहे तेथे आईला घेऊन जा. मी चिठ्ठी देतो आणि फोनही करतो." हे उत्तर निर्धास्तपणे देता यावे, आणि त्या मुलाला ते निर्धास्तपणे ऐकता यावे, एवढी व्यवस्था दोन शेजारी राज्यांना मनावर घेतल्यास अशक्य नाही. रुग्णवाहिका कागलच्या नाक्यावरून उत्तरेस गेली काय किंवा संकेश्वरवरून दक्षिणेस गेली काय, आत निजलेल्या बाईचे हृदय एकच असते. त्याला सीमा ठाऊक नसते.